केसाएवढी भरती

तळ्यालाही भरती येते, हे वाक्य विमलच्या तोंडून निघालं ते एका रविवारी, सकाळचा चहा पिताना, आणि थोड्या फुशारकीनं. बी.एस्सी.चा निकाल लागून आठवडा झाला होता. जुन्या हुबळीतल्या दोन खोल्यांच्या घरात तिचा बाप गोपाळ उंबऱ्यावर बसून बशीतला चहा फुंकत होता आणि नेहमीचंच बोलत होता. इथं सगळं आहे, काम आहे, विजेचा दिवा आहे, नळाला गोडं पाणी आहे. पण उणकलच्या तळ्याकडे त्याला बघवत नाही. ताटात वाढून ठेवल्यासारखं ते पाणी पडून असतं. मेलेलं पाणी.

"मेलेलं नाही, अप्पा," विमल म्हणाली. "चंद्र समुद्राला ओढतो तसा तळ्यालाही ओढतो. तळं लहान, म्हणून भरती लहान. डोळ्यांना दिसत नाही, इतकंच."

"किती लहान?"

तिनं मनातल्या मनात आकडे मांडले. "केसाच्या जाडीएवढी."

गोपाळनं बशी खाली ठेवली. "पण येते?"

"येते."

"दिवसातनं दोनदा?"

"दोनदा. समुद्रासारखीच."

तेवढ्यावर तो उठला, चपला पायांत सरकवल्या आणि चहा तसाच टाकून जोतिबाच्या घरी गेला. आतून सरूबाई, विमलची आई, म्हणाली, "काय सांगितलंस गो त्याला? लग्न ठरल्यासारखा पळाला."

त्या गल्लीत बेटावरची सात घरं होती. बेट म्हणजे कारवारच्या किनाऱ्यापासून होडीनं दीड तासावरचा एक दगड, त्यावर माड, अकरा घरं आणि एकच विहीर. नकाशावर त्याचा ठिपकाही नव्हता. तिथली माणसं त्याला नुसतं 'बेट' म्हणत. १९५९च्या उन्हाळ्यात विहीर खारी झाली. पावसाळ्यात गोड होईल म्हणून लोक थांबले. पावसाळा गेला, तरी तोंडात धरलेलं पाणी थुंकावं लागत होतं. विमल तेव्हा बारा वर्षांची होती. असं का झालं ते तिला पुढे धारवाडच्या कॉलेजात कळलं. बेटाखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर नुसतं तरंगत असतं. वरचं जास्त उपसलं की खालचं वर चढतं. बेटावरच्या कुणाला ते माहीत नव्हतं. देवाचं काही चुकलं असेल म्हणून त्यांनी विहिरीत नारळ सोडले आणि मग सामान बांधलं. जोतिबाला आधीच हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपात काम मिळालं होतं. त्याच्या मागोमाग सात घरं घाट चढून आली. गोपाळ बेटावर होडीचं सुकाणू धरायचा आणि होड्यांना डोळे काढायचा. नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना एकेक डोळा, पांढऱ्यात काळा, म्हणजे होडीला वाट दिसते. इथं तो मालडब्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे काढू लागला. अक्षर देखणं होतं. पण रंगाचा ब्रश हातात आला की त्याला डोळेच आठवत.

जोतिबा, बेटावरच्यांतला सगळ्यांत वडील माणूस, त्या सकाळी गोपाळबरोबरच विमलकडे आला. डोक्यावर एक केस नव्हता.

"विमले, केसाएवढी म्हणजे कुणाच्या केसाएवढी? माझ्या डोक्यावरचा धरलास तर भरतीच नाही."

सगळे हसले. विमलही हसली. मग तिनं वहीच्या कागदावर चंद्र, पृथ्वी आणि एक छोटं तळं काढून दाखवलं. काढलेलं सगळं बरोबर होतं.

बेटावर नारळी पौर्णिमेला एक रीत होती. गोपाळ दोन हात लांबीची होडी करायचा, तिला डोळे काढायचा, आत नारळ ठेवायचा. भरती पुरी होऊन पाणी मागं फिरलं की ती होडी सोडायची. वेळ काढायची पद्धतही ठरलेली: तिथीची पाऊणपट. पौर्णिमा पंधरावी, म्हणजे सव्वाअकराला भरती. ओहोटी होडीला घेऊन जायची. कासव नावाच्या खडकाच्या पलीकडे ती दिसेनाशी झाली की समुद्रानं वर्ष मान्य केलं. हुबळीला आल्यापासून हे बंद होतं. तळ्याच्या काठावर एक नारळ फोडायचा आणि घरी यायचं, एवढंच. ज्या पाण्याला ओहोटी नाही, ते होडी नेणार कसं?

आता मात्र ओहोटी होती. गोपाळच्या मुलीनं, बी.एस्सी. झालेल्या मुलीनं, तसं सांगितलं होतं.

गोपाळ महिनाभर होडी करत होता. वर्कशॉपातून सुटला की अंधार पडेपर्यंत फणसाच्या फळीवर पटाशी चालायची. डोळे काढले त्या दिवशी त्यानं विमलला हाक मारून दाखवले. "बघ. हुबळीत आल्यापासनं आकडेच काढतोय. हात विसरला नाही."

पौर्णिमा रविवारी आली. सातही घरं उणकलला गेली. बायकांनी पाण्याकडे तोंड करून वाटेचं गाणं धरलं. होड्या परत यायच्या वेळी बेटाच्या धक्क्यावर बायका हे गाणं म्हणत. पावसात, धुक्यात होडीवाल्यांना वाट कळावी म्हणून. त्यात खडकांची नावं होती, बाहेरून आत, ओळीनं.

घोणस सोड डाव्या हाता,
कासव राहो उजव्या हाता,
म्हातारीच्या पाठीमागं
पाणी मऊ, पाणी मऊ.

शेवटची ओळ पायाला वाळू लागली की म्हणायची, त्याआधी नाही: पाय टेक, वाळू आली.

सव्वाअकराला गोपाळनं होडी पाण्यात ठेवली. ती थोडी डुलली, हातभर पुढे गेली, आणि वाऱ्यानं वळून परत काठाला लागली. त्यानं पुन्हा ढकलली. पुन्हा आली. वारा पश्चिमेचा होता आणि ते सगळे पूर्वेच्या काठावर उभे होते. विमलला ते दिसत होतं. पलीकडच्या काठावरून सोडली असती तर वाऱ्यानंच होडी नेली असती. पण भरती-ओहोटीचं आपण सांगितलं, आता वाऱ्याचं मध्येच कुठं काढायचं, असं वाटून ती गप्प राहिली.

शेजारी म्हशी धुणारे दोघं-तिघं बघत होते. एकजण कानडीत ओरडला, "ए अण्णा, तुमची बोट परत आली! तिकीट काढलं नव्हतं काय?"

बेटावरचं कुणी हसलं नाही. होडी परत येणं म्हणजे समुद्रानं नको म्हणणं. गोपाळनं सदरा काढून सरूबाईच्या हातात दिला.

"मधोमध नेऊन सोडतो," तो म्हणाला. "तिथं ओढ असणार."

"धोतर तरी काढ," जोतिबा म्हणाला.

"अरे, तळं तर आहे!"

तो होडी पुढे ढकलत पोहत गेला. बेटावरचा माणूस पोहतो तसा, आडवा, सैल, दमला की पाण्यावर पाठ टाकून. खारं पाणी माणसाला उचलून धरतं. गोडं तितकं धरत नाही. फरक शंभरात अडीच. आठ वर्षं तो पोहला नव्हता, आणि वय एकावन्न होतं. काठापासून शंभर पावलांवर त्यानं होडी सोडली, हात वर केला, आणि विसाव्याला पाठ टाकली. तो बुडू लागला तसा त्यानं पाय खाली सोडला, खडक किंवा वाळू लागेल म्हणून. शेवाळातून खाली गाळ लागला. विमलला हे सगळं नंतर जुळवता आलं. त्या वेळी तिला दिसलं ते इतकंच की डोकं खाली गेलं, एकदा वर आलं, तोंडात गाळ होता की काय, हाक आली नाही, आणि मग तिथं पाणी सपाट झालं. बायकांचं गाणं 'पाणी मऊ'वर होतं.

जोतिबाचे दोन्ही मुलगे पोहत गेले. शेवाळ पायांत गुंतू लागलं तसे रिकाम्या हातांनी परत आले. होडी त्यांच्याआधीच काठाला लागली होती.

तळ्यात मासे धरणारा मल्लप्पा आपला हरिगोल घेऊन आला. हरिगोल म्हणजे वेताची, कातड्यानं मढवलेली, टोपलीसारखी गोल होडी. त्याच्या खांद्यावर दोरी आणि टोकाला लोखंडी गळ होता. विहिरीत पडलेली बादली काढतात तो, सहा आकड्यांचा. काठाजवळच्या एका घरातून तो मागून आणला होता. तो हरिगोलात पाय ठेवणार तोच सरूबाई आडवी आली.

"गळ नाही टाकायचा."

"अव्वा, लवकर टाकला तर बरं," मल्लप्पा म्हणाला. "हा गाळ धरतो. धरला की सोडत नाही."

"गळ माशाला. माणसाला नाही." तिचा आवाज चढला नव्हता. "माणूस समुद्र आणून देतो. सहाव्या भरतीला."

बेटावर तसंच होतं. बुडालेल्या माणसाला कुणी शोधत नसे. बायका धक्क्यावर बसत आणि गाणं म्हणत, शेवटची ओळ सोडून, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या दिवशी, सहाव्या भरतीला, समुद्र त्याला बेटाच्या ठरलेल्या एका खाचेत आणून ठेवी. मग शेवटची ओळ म्हणायची. ज्याला गळ लागला त्याच्यासाठी ती ओळ नाही; तो मासा झाला, तो घरी आलाच नाही. विमलनं लहानपणी एक काका तसा आलेला पाहिला होता. सहाव्या भरतीला आला होता.

हवालदार सायकलवरून आला. त्यानं वही काढली आणि घरच्यांत शिकलेलं कोण ते विचारलं. विमल पुढे झाली. तिनं त्याला स्वच्छ कानडीत सांगितलं की या दिवसांत पाणी पंचवीस अंशांच्या आसपास असतं, शरीरात वायू धरायला दोन-तीन दिवस लागतात, मग ते आपोआप वर येतं. तीन दिवस थांबावं, घरच्यांची तशी इच्छा आहे. हवालदारानं तिच्याकडे नीट पाहिलं आणि 'तीन दिवस' असं लिहून घेतलं. विमलला त्या क्षणी बरंच वाटलं. आईची सहावी भरती आणि आपलं पुस्तक एकाच दिवशी येऊन मिळत होतं. कुणालाच दुखवायला नको.

मल्लप्पा मात्र मान हलवत, धाकट्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "तंगी, गेल्या वर्षी इथंच एक रेडकू बुडलं. ते अजून यायचंय."

सरूबाई काठावर बसली ती उठली नाही. बायका पाळीपाळीनं तिच्याजवळ बसत. सोमवार गेला. मंगळवारी रिमझिम होती. जोतिबानं तिच्या डोक्यावर घोंगडं धरलं. ती तिथीची पाऊणपट करून प्रत्येक भरती मोजत होती, आणि भरतीच्या वेळेला गाणं जरा मोठ्यानं म्हणत होती. मधूनच विमलकडे वळून विचारायची, "आता चढतंय ना गो?" आणि घड्याळ नसलेली विमल आभाळाकडे बघून म्हणायची, "हो. चढतंय." ते खरं होतं. केसाएवढं खरं.

बुधवारी दुपारी सहावी भरती आली आणि गेली. पाण्यावर काहीच आलं नाही.

संध्याकाळी मल्लप्पा विमलला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या जागी बुडबुडे येतायत, तंगी. म्हणजे तो तिथंच आहे. वर यायला बघतोय, गाळ सोडत नाही. आणि खाली मासे आहेत. माझेच मासे आहेत, मला ठाऊक आहे ते काय खातात. जितकं थांबाल तितकं ओळखायला कमी राहील."

गुरुवारी सकाळी विमल आईशेजारी जाऊन बसली. चार दिवसांत सरूबाईनं पाण्याखेरीज काही घेतलं नव्हतं. आवाज बसला होता. गाणं नुसत्या ओठांवर होतं.

"आई, सहा झाल्या."

"झाल्या." सरूबाईनं पाण्यावरून नजर काढली नाही. "पण मी रात्री विचार केला. समुद्राची भरती किती गो, पुरुषभर?"

"हो. त्याहून थोडी जास्त."

"आणि ह्याची केसाएवढी. मग एवढ्याशा भरतीला माणूस उचलायला जास्त दिवस लागणारच. तिथं तीन लागले, तर इथं किती? तू शिकलीस. हिशोब कर आणि सांग. तितके दिवस मी बसते."

 विमलच्या डोक्यातला हिशोब गप्प बसला नाही. तो असल्या वेळीही आपला चालूच राहिला. दोन मीटर भागिले एक दशांश मिलिमीटर. वीस हजार. गुणिले तीन. साठ हजार दिवस.

"सांग ना. पंधरा? महिना?"

"एकशे चौसष्ट वर्षं," विमल म्हणाली.

सरूबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"ती भरती काही उचलत नाही, आई. वाळकं पानसुद्धा नाही. आहे, पण नसल्यासारखी. मी अप्पाला हे सांगायला हवं होतं. अर्धंच सांगितलं."

पलीकडे म्हशी पाण्यात उतरत होत्या. बराच वेळ सरूबाई पदराच्या टोकाला गाठ मारत आणि सोडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे पाणी देणार नाही."

"नाही."

"मग परक्याच्या हातचा गळ नको त्याला. तू टाक."

मल्लप्पानं हरिगोल वल्हवला, विमल दोरी धरून मध्ये बसली. बुडबुड्यांच्या जागी तिनं गळ सोडला. दोरी सात हात गेली. पहिल्यांदा शेवाळ आलं, दुसऱ्यांदा शेवाळ आणि एक कुजकी फांदी. तिसऱ्यांदा ओढ लागली. जड, पण दगडासारखी जड नाही. थोडी आपल्याबरोबर येणारी. मल्लप्पानं वल्हं ठेवून दोरीला हात लावला.

"बघू नकोस," तो म्हणाला.

तिनं पाहिलं. चेहरा होता, पण ओठ नव्हते, आणि पापण्या नव्हत्या. धोतर पायांत पिळा पडून गेलं होतं. गळाचा एकही आकडा धोतराच्या जवळ गेला नव्हता. एक गळ्याच्या हाडाखाली, मांसात, खोल बसला होता.

काठावर सरूबाई उभी राहिली होती. "विमले! कुठं लागला?" बसलेला आवाज पाण्यावरून फाटत आला.

विमलनं दोन्ही हात पाण्यात घातले, आकडा धरला आणि फिरवून काढला. रक्त आलं नाही; मेलेल्याला येत नाही. थोडंसं पाणी आलं. मल्लप्पानं मान फिरवली होती.

"धोतरात!" तिनं ओरडून सांगितलं. "धोतरात अडकला, आई! अंगाला नाही!"

 काठावर सरूबाईनं गाणं धरलं. बाकीच्या बायका मागं आल्या. घोणस सोड डाव्या हाता. हरिगोल गोल गोल फिरत काठाकडे येत होता, आणि मल्लप्पाला त्या गाण्याचा शब्द कळत नसतानाही त्याचं वल्हं त्या तालात पडू लागलं. कासव राहो उजव्या हाता. जोतिबा आणि त्याचे मुलगे कमरेएवढ्या पाण्यात उतरले. त्यांनी गोपाळला उचलून काठावर घोंगड्यावर ठेवलं. कुणीतरी तोंडावर पंचा टाकला. म्हातारीच्या पाठीमागं. सरूबाई गुडघ्यांवर बसली आणि गातच पदरानं त्याच्या अंगावरचा गाळ पुसू लागली. पाय पुसले, हात पुसले, छाती पुसली. पाणी मऊ, पाणी मऊ.

तिचं बोट गळ्याच्या हाडाखाली थांबलं.

बायका शेवटच्या ओळीसाठी थांबल्या होत्या. ती सुरू करायचा मान बायकोचा.  त्या भोकावर सरूबाईनं तळवा ठेवला, कुणाला दिसू नये असा, आणि विमलकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. विमलला तो परवडला असता.

"भरतीचं खरं सांगितलंस," ती अगदी हळू, फक्त विमलला ऐकू जाईल असं म्हणाली, "आणि ह्याचं खोटं. उलटं करायचं होतंस गो."

मग बायकांकडे वळून ती मोठ्यानं म्हणाली, "चला. उचला."

"वयनी, ओळ राहिली," जोतिबा म्हणाला.

"वाळू कुठं आहे इथं?" सरूबाई म्हणाली, आणि उठून गोपाळचा सदरा शोधू लागली. रविवारपासून तो तिच्याच काखेत होता.

तिरडीची तयारी होईपर्यंत विमल पाण्याजवळच उभी होती. डोळे काढलेली होडी चिखलात कलंडून पडली होती; एक डोळा वर, एक खाली. नारळ कुणीतरी उचलून नेला होता. मल्लप्पा आला आणि अवघडून घसा खाकरत राहिला.

"तंगी, तो गळ... ज्यांचा आहे ती बाई दोनदा येऊन गेली. त्यांची बादली पडलीय विहिरीत. सकाळपासनं पाणी नाही घरात."

विमलनं गळ उचलला. एका आकड्याला काहीतरी चिकटलं होतं. ती तळ्याच्या काठावर बसली आणि गवताची मूठ करून एकेक आकडा घासू लागली. सहाही घासले. मग त्या बाईचं पिण्याचं पाणी आहे हे आठवून पुन्हा पहिल्यापासून घासायला घेतलं.